मधला ओटा

स्वयंपाकघरातली मोरी कोठे असावी, हा वार्षिकांकातील लेखाचा विषय होऊ शकतो काय, असे संपादक मंडळातील एका मैत्रिणीने मला विचारले. तिच्या मते वार्षिकांकात वैनगंगेवर लिहावे, पहिल्या पावसावर लिहावे, फारच झाले तर वसतिगृहाच्या खानावळीवर लिहावे. मी म्हटले, नदीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आणि खरे सांगायचे तर आमच्या मोरीचे पाणी शेवटी नदीलाच मिळते. तेव्हा हा लेख नदीवरचाच समजावा आणि छापावा.

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघाले की वैनगंगेचा पूल ओलांडताच आमचे कारधा लागते. एरवी आमच्या गावाचे नाव कोणी फारसे घेत नाही. पावसाळ्यात मात्र ते रोज वर्तमानपत्रात येते. कारधा पुलाजवळ पाण्याची पातळी इतकी, धोक्याची पातळी 245.50 मीटर, अशी ती बातमी असते. महाविद्यालयात कोणी गाव विचारले आणि मी कारधा म्हटले की, "काय, यंदा किती मीटर?" असा प्रश्न ठरलेला!

तर या गावात आम्ही यंदा घर बांधायला काढले आहे. जुने घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे होते. 2020 च्या ऑगस्टअखेरीच्या महापुरात ते दोन दिवस पाण्यात उभे राहिले. पूर ओसरल्यावर मागची भिंत बसली. मातीच्या भिंतीचे असेच असते. पाण्यात असते तोवर ती उभी राहते, आणि ऊन पडले की धीर सोडते. पुढे बाबांनी डागडुजी करून दिवस काढले; आता मात्र विटासिमेंटचे घर, आणि तेही जमिनीपासून चार फूट उंच जोत्यावर, असे ठरले. खोल्या किती, छत कसले, दार कोणत्या दिशेला, हे सारे दोन संध्याकाळींत उरकले. अडले ते मोरीपाशी. एका मोरीने आमचे घर तीन आठवडे अडवून धरले होते, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

त्याचे कारण असे. जुन्या घरी भांडी घासण्याची जागा सांदवाडीत होती. घराच्या मागच्या अंगणाला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. तेथे लिंबाच्या झाडाखाली एक मोठी फरशी, शेजारी पाण्याची टाकी, आणि त्या फरशीवर उकिडवी बसून आई गेली चोवीस वर्षे भांडी घासत आली. घरात कोपऱ्यात एक लहान मोरी होती; पण ती हात धुण्यापुरती, तांदळाचे धुवण टाकण्यापुरती. आता घर चार फूट वर जाणार म्हणजे सांदवाडी चार फूट खाली राहणार. खरकट्या भांड्यांचे घमेले उचलून आठ पायऱ्या उतरायच्या, घासायचे, आणि तेवढेच घमेले घेऊन पुन्हा आठ पायऱ्या चढायच्या. आईचे गुडघे आताच बोलू लागले आहेत. म्हणून मोरी घरात घ्यायची, यावर कोणाचेच दुमत नव्हते. पण घरात म्हणजे कोठे?

येथे माझा दादा पुढे झाला. दादा पुण्याला नोकरी करतो. त्याने तिकडे एका मित्राकडे असे स्वयंपाकघर पाहिले होते की, ज्याच्या मधोमध चहूबाजूंनी मोकळा असा ओटा होता आणि त्या ओट्यातच भांडी घासायचे सिंक बसवले होते. नदीच्या पात्रात बेट असते तसा हा ओटा. त्याने नकाशा काढून मोबाइलवर धाडला. सोबत एक लांबलचक मजकूर होता, आणि तो मला मनापासून आवडला हे येथे नमूद केले पाहिजे. त्याचे म्हणणे असे होते : आईने जन्मभर आपल्याकडे पाठ करून काम केले. चूल भिंतीशी, पाटा भिंतीशी, मोरी तर घराच्याही बाहेर. घरात हसणे-बोलणे चालू असते तेव्हा ती एकतर भिंतीकडे तोंड करून असते, नाहीतर सांदवाडीत असते. निदान नव्या घरात तरी तिने आपल्याकडे तोंड करून उभे राहावे, आपल्या गप्पांत असावे.

मुलाने आईविषयी इतके लिहावे! बाबांचेही डोळे पाणावले. त्या रात्री मोरी मधल्या ओट्यातच, असे जवळजवळ ठरून गेले.

आमच्या महाविद्यालयात कला शाखेला गृहअर्थशास्त्र हा विषय आहे. मुले या विषयाला 'पोह्यांचा तास' म्हणून हसतात. मी दुसऱ्या दिवशी मॅडमना नकाशा दाखवला. त्यांनी चूल, पाणी आणि साठवण या तीन ठिकाणांना जोडणारा त्रिकोण फळ्यावर काढून दाखवला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1940 च्या दशकात ही कल्पना मांडली गेली. त्रिकोणाची प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांची असावी आणि तिन्ही मिळून सव्वीस फुटांच्या वर जाऊ नयेत, असा तो हिशेब. मी घरी येऊन जुन्या घरातली पावले मोजली. चुलीपासून गुंडांच्या घडवंचीपर्यंत सात, घडवंचीपासून सांदवाडीच्या फरशीपर्यंत बावीस, फरशीपासून चुलीपर्यंत एकोणीस. पावले, फूट नव्हेत! आणि हा त्रिकोण आई दिवसातून किती वेळा चालते ते मी मोजू लागले, तेव्हा "काय माझ्या मागं मागं फिरून रायली?" म्हणून तिने मला तांदूळ निवडायला बसवले.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की नावाची एक ऑस्ट्रियन स्त्री वास्तुविशारद होती. तिने 1926 साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगारांच्या घरांसाठी एक चिमुकले स्वयंपाकघर आखले. रुंदी दोन मीटरहून कमी, लांबी साडेतीन मीटरच्या आत. कोणते भांडे कोणत्या हाताला, घासलेली ताटली निथळायला कोठे, किती पावले वाचतात, हे सारे वेळ मोजून ठरवलेले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बसवली गेली. आज आपण ज्याला ओटा-कपाट-सिंक असे आधुनिक स्वयंपाकघर म्हणतो, त्याची ती आजीच म्हणायची. गंमत अशी की, ते आखण्यापूर्वी आपण कधी घर चालवले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता, असे या बाईंनीच पुढे सांगून टाकले! त्या एकशेदोन वर्षे जगल्या. त्यांच्या स्वयंपाकघरावर पुढे टीका झाली ती हीच की, पावले वाचली खरी, पण त्या अरुंद खोलीत बाई एकटी पडली. म्हणजे दादाचा मुद्दा हा जगातल्या मोठमोठ्या लोकांचाही मुद्दा होता.

दादाने भांडी घासली आहेत की नाहीत, हे मी येथे लिहीत नाही. तो माझा मोठा भाऊ आहे.

आता मिस्त्री. आमचे मिस्त्री फार न बोलणारे गृहस्थ आहेत. नकाशा पाहून त्यांनी विडी विझवली आणि बाबांना विचारले, "भाऊ, पानी जाईन कोनाकडून?" मधल्या ओट्यापासून मागची भिंत अकरा फूट. नळी फरशीखालून न्यायची. सांडपाण्याच्या नळीला फुटामागे पाव इंच तरी ढाळ हवा. म्हणजे अकरा फुटांत पावणेतीन इंच. जोते उंच असल्याने तेवढा ढाळ काढता येईल, अडचण ती नव्हे. अडचण वाऱ्याची. सिंकच्या खाली नळीला जो बाक असतो त्यात थोडे पाणी कायम साचलेले असते, आणि तेच गटारातली घाण हवा वर येऊ देत नाही. लांब आडव्या नळीतून पाणी एकदम भसकन गेले की ते या बाकातले पाणीही ओढून नेते. मग घरभर वास. त्यासाठी नळीला हवा खेळायला एक उभी नळी छतापर्यंत न्यावी लागते. मोरी भिंतीशी असली तर ती भिंतीलगत चढवता येते. बेटावर ती चढवायची कशाच्या आधाराने? मोठ्या शहरांत याला निरनिराळ्या युक्त्या आहेत, हे मिस्त्रींनाही ठाऊक होते. पण त्यांचा खरा प्रश्न पुढचा होता. "तुंबली म्हंजे?"

तुंबणार, यात शंका नव्हती. आमचा जिल्हा भाताचा. भाताच्या गंजाला चिकटलेली शिते, पेज, तेलाचा ओशटपणा, आणि वर राख. आमच्याकडे गॅस आहे. पण आंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते आणि चुलीवरची काळी भांडी आई राखेनेच घासते. शिवाय भंडारा म्हणजे पितळेचे गाव. आजीच्या लग्नातले गुंड, परात, तांब्ये अजून वापरात आहेत आणि ते चिंच व राख लावूनच उजळतात. राख, शिते आणि तेल ही त्रयी नळीत एकत्र आली की तिचा गिलावाच होतो. मोरी भिंतीशी असेल तर बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडून काठी घालता येते. मधली नळी तुंबली तर नवी फरशी फोडा. बाबा फरशीचा दर आदल्याच दिवशी विचारून आले होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

आजीची हरकत निराळी. घराच्या मधोमध खरकटे? ज्या ओट्यावर कणीक मळायची त्याच ओट्यात उष्ट्या ताटाचे पाणी? आम्ही हसलो, पण आजीचे शब्द बाजूला ठेवून पाहिले तर गोष्ट खरी होती. धुतलेले आणि न धुतलेले यांच्यामध्ये थोडे अंतर असावे, एवढेच ती सांगत होती. भांडी घासताना शिंतोडे किती दूर उडतात, हे भांडी घासणाऱ्यालाच ठाऊक.

आणि मग आजीने जे काढले त्याने सगळेच गप्प झाले. "आठवते का, पानी कोठून आलं होतं?"

आठवत होते. ऑगस्ट 2020 च्या त्या रात्री वर मध्य प्रदेशात मुसळधार झाली होती, आणि वैनगंगा तिकडूनच, शिवनी जिल्ह्यातून येते. पाणी चढते आहे असा गावभर पुकारा झाला होता. बाबांनी आणि दादाने पुढच्या दाराशी मातीची पोती रचली, मागच्या दाराशी रचली, फटींत चिंध्या कोंबल्या. आम्ही दोन्ही दारांकडे कंदिलासारख्या डोळ्यांनी पाहत बसलो होतो. पाणी उंबरठ्याला लागलेही नव्हते, तोच स्वयंपाकघरातून गुडगुड असा आवाज आला. कोपऱ्यातल्या लहान मोरीतून पाणी वर येत होते. ज्या वाटेने आम्ही रोज तांदळाचे धुवण घालवत होतो, त्याच वाटेने नदी आत आली. तासाभरात ती पोतीही पाण्याखाली गेली, ती गोष्ट वेगळी. पण मला आजही पूर म्हटला की दार आठवत नाही, ती मोरी आठवते.

मिस्त्रींनी हे ऐकून घेतले. बाहेरचे पाणी नळीतून उलटते तेव्हा ते आत जे तोंड सर्वांत खालचे असेल तेथून निघते, असे त्यांनी समजावले. सिंकचे तोंड फरशीपासून अडीच-तीन फूट वर असते, म्हणून त्यातून पाणी येण्याआधी न्हाणीतून येईल. तेव्हा न्हाणीच्या नळीला एकाच बाजूला उघडणारी झडप बसवायची, चेंबर जोत्याच्या बाहेर ठेवायचे, आणि फरशीखालून जाणाऱ्या नळ्या होतील तितक्या कमी करायच्या. हे शेवटचे वाक्य मधल्या ओट्याच्या विरोधात गेले.

दादा मात्र हटेना. फोनवर तो म्हणाला, नळीचे काय ते पैसे मी देतो. पण आईने पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे नाही. येथे वहिनीने मला हळूच एक गोष्ट सांगितली, ती मी तिच्या परवानगीने लिहिते. त्यांच्या पुण्याच्या घरी स्वयंपाकघरात सिंक आहेच. पण भांडी तेथे घासली जात नाहीत. स्वयंपाकघराला लागून एक लहानशी ड्राय बाल्कनी असते. पुण्यातल्या कितीतरी इमारतींत ती असते. सकाळी कामाच्या मावशी येतात आणि तेथे खाली बसून भांडी घासतात. म्हणजे काय, तर पाचव्या मजल्यावरही सांदवाडी आहेच! घर कितीही नवे झाले तरी घासणारी बाई घराच्या कडेलाच बसते. मग वाटले, दादा म्हणतो ते याच्याचविरुद्ध तर आहे. त्याला ती कडेची बाई मधे आणायची आहे. यात वाईट काय? मी दोन दिवस दादाच्या बाजूने होते.

या साऱ्या काळात एका माणसाला कोणी विचारले नव्हते. मिस्त्री आले की ती चहा करायची आणि आत जायची.

एका दुपारी मी सांदवाडीत तिच्याजवळ जाऊन बसले. ती फरशीवर गंज पालथा घालून घासत होती. कुंपणापलीकडच्या मावशी त्यांच्या फरशीवर होत्या. दोघींचे काहीतरी चालले होते. मी आल्यावर ते थांबले. मी आईला सरळच विचारले, तुला मोरी कोठे हवी?

तिने गंज उलटा केला, आत पाणी घातले, आणि बराच वेळ ते फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादाले वाईट वाटन."

मी म्हटले, ते मी पाहते.

"मधात नको," ती म्हणाली. "मी दिवसभर तुमच्याच कडं तोंड करून असतो. कोनाले पानी, कोनाले चहा, कोनाचा डबा, आजीची गोळी. भांडे घासतो तेवढ्या वेळात मले कोनी काही मांगत नाही. हात भरले असतात ना. मधात उभी राहिलो तर तुम्ही चौघं चारी बाजूनं बसान, अन् एकेक ताट सरकवान. अन् मी तुमच्या गोष्टी ऐकत घासत राहीन. मंग मी कोनाकडं पाहू?"

कुंपणापलीकडच्या मावशी खुदकन हसल्या.

मला काही सुचेना. आम्ही सर्वजण तिच्या पाठीचा विचार करत होतो, तिचे तोंड आमच्याकडे असावे म्हणून भांडत होतो. तिच्या तोंडासमोर काय असावे, हे तिलाच ठाऊक होते. लिंबाचे झाड, गाईची वेसण, मावशींचे कुंपण, आणि त्यापलीकडे पुलावरून जाणारे ट्रक. त्या अर्ध्या-पाऊण तासात ती आमची कोणीच नसते.

"अन् ओटा?" मी विचारले. "मधला ओटाही नको?"

"ओटा करा ना," ती म्हणाली. "चांगला आहे. पन सुका करा. त्यावर तुम्ही बसा, भाजी चिरा, कनीक मळा. जेवन झालं का आपापलं ताट खिडकीपाशी आनून द्या. दादालेही सांग, पुन्याहून आला का त्यानंही आनून द्यायचं."

हे मी फोनवर दादाला जसेच्या तसे सांगितले. तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग त्याने खिडकीची लांबी-रुंदी विचारली. खिडकी तीन फुटांची धरली होती. त्याने ती पाच फुटांची करायला लावली.

तर आता ठरले ते असे. मोरी मागच्या भिंतीला, खिडकीखाली, सांदवाडीकडे तोंड करून. खिडकीचे गज आडवे, म्हणजे लिंब उभा चिरला जाणार नाही. ही सूचना आजीची, ती कोठून तिला सुचली देव जाणे. मॅडमनी सांगितले म्हणून सिंकचा ओटा स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा तीन इंच उंच. सिंकचा तळ ओट्याहून सात-आठ इंच खाली जातो आणि घासणारीला वाकावे लागते. ही साधी गोष्ट कोणाच्याही नकाशात नव्हती. मधे सुका ओटा, त्याला ना नळ, ना नळी. आणि भाताचा मोठा गंज व पितळेचा गुंड सिंकमध्ये मावत नाहीत, हे आई एके दिवशी गंज घेऊन दुकानात गेली तेव्हा उघड झाले. दुकानदाराने सर्वांत मोठे सिंक काढले. गंज त्यात बसला, पण हात फिरेना. म्हणून मागच्या दाराबाहेर, जोत्याच्याच उंचीवर, चार फूट लांब-रुंद अशी एक उघडी मोरी होणार आहे. सांदवाडीतली जुनी फरशी उचलून तीच तेथे बसवायची. तिला आई बसून घासते त्या जागी थोडा खळगा पडला आहे. मिस्त्री म्हणाले, ढाळ त्याच बाजूने काढू.

कुंपणापलीकडच्या मावशींची मात्र एक तक्रार आहे. आमचे घर चार फूट वर गेले की त्यांना मान वर करून बोलावे लागणार. आई म्हणाली, तुमचंही बांधायला काढा मंग. त्यांचे नक्की झालेले नाही. पण परवा त्यांचे यजमान आमच्या जोत्याची उंची पट्टी लावून मोजत होते.